आधी बोटं, मग अक्षरं

दृष्टी नसलेलं तान्हं बाळ आईचा आवाज आला की हातपाय हलवायचं थांबवून अगदी स्तब्ध होतं. घरच्यांना वाटतं, ते ओळखच देत नाही. खरं तर ते कान देऊन ऐकत असतं.

असं बाळ बऱ्याचदा उशिरा रांगतं, कारण समोरचं खेळणं त्याला खुणावत नाही. खुळखुळा हाताला लावून, वाजवत थोडा दूर नेला की ते हळूहळू पुढे सरकू लागतं. मग स्वयंपाकघर हीच त्याची बालवाडी: ताटातले तांदूळ आणि राजमा वेगळे करणं, डब्याचं झाकण घट्ट लावणं, शर्टाची बटणं स्वतः घालणं. मायेपोटी सगळं हातात दिलं, तर मूल मागे पडतं. ब्रेलचे सहा ठिपके वाचणारी बोटं अशाच कामांतून तयार होतात.

शाळा कोणती?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेलं ६ ते १८ वर्षांचं मूल जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकू शकतं. अशा विशेष शाळांपैकी दादरची मुलींची कमला मेहता अंधशाळा १९०० सालची. निवासी शाळेत ब्रेल आणि पांढरी काठी पक्की होते, पण घर दुरावतं. गावच्या शाळेत भावंडं सोबत असतात. तिथे ब्रेल कोण शिकवणार आणि आठवड्यातून किती तास, हे प्रवेशाआधीच विचारायला हवं.

अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं आणि सहायक साधनं मोफत देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. पालकांनी ती हक्कानं मागावी.