अरणगांवचें नांव घेणारी विलायती तबकडी

अहिल्यानगरहून दौंडच्या वाटेनें जातां अरणगांवाजवळ मेहेराबादची टेकडी लागते. तेथें मेहेरबाबांची समाधि आहे. १९२५ च्या जुलैपासून १९६९ सालीं देह ठेवीपर्यंत बाबांनीं मौन पाळिलें. अशा मौनी पुरुषाचें नांव कर्णकर्कश म्हणून गाजलेल्या इंग्रजी रॉक वाद्यवृंदाच्या गीतास मिळावें, हा योग विलक्षणच! 'द हू' या मंडळींपैकीं पीट टाउनशेंड हे बाबांचे अनुयायी. १९७१ सालच्या 'हूज नेक्स्ट' या तबकडींतील पहिलें गीत 'बाबा ओरायली'. त्यांतील बाबा ते हेच. रायली म्हणजे अमेरिकन रचनाकार टेरी रायली.

भजनास सरावलेल्या कानास हा प्रथम निव्वळ गोंगाट वाटतो, आणि तें स्वाभाविकच आहे. परंतु आरंभींच्या ऑर्गनकडे नीट लक्ष द्यावें. तेच स्वर फिरून फिरून येतात. एकल तबल्यासाठीं पेटीवर धरलेला जणूं लेहराच! त्या धाग्यावर कीथ मून यांचे ढोल मनसोक्त खेळतात. शेवटीं व्हायोलिन येतें, लय चढत जाते. हा लेहरा एकदां ओळखतां आला कीं तबकडींतील पुढचीं गीतेंहि तितकीं परकीं राहत नाहींत. 'बिहाइंड ब्लू आइज' तर अगदीं हळुवार सुरू होतें. पहिल्या गीताच्या शब्दांत मात्र बाबांचें नांव कोठेंहि नाहीं. तें केवळ शीर्षकांत आहे.