राय देवाची, राखण गावाची

(देवस्थानाच्या वर्धापनदिनी महाजन व कुळावी मंडळींसमोर दिलेले व्याख्यान)



श्रीदेवाच्या सन्निध दोन शब्द बोलण्याची आज्ञा समितीने मला केली, हा मी देवाचाच प्रसाद समजतो. मी वक्ता नव्हे. माझे उभे आयुष्य कचेरीतील टिपणे लिहिण्यात आणि आवक-जावकाच्या नोंदी ठेवण्यात गेले. ‘अरण्यरक्षणात ग्रामसंस्था व लोकसहकार्य’ हा विषय मला नेमून देण्यात आला आहे. विद्वानाने या विषयाचा आरंभ एखाद्या सुभाषिताने केला असता. कारकुनाला आरंभ करायचा तर तो कागदानेच करावा लागतो, म्हणून मीही एका कागदापासूनच सुरुवात करतो.

आपल्या देवस्थानाच्या इतिवृत्ताच्या वहीत १९८७ सालचा एक ठराव आहे. सभामंडपाच्या नव्या छपरासाठी पैसा कमी पडत होता, म्हणून देवालयामागील रायीतील बावीस झाडे विकावीत, असे त्यात ठरले. मी त्या वेळी समितीचा तरुण चिटणीस होतो. गोव्यात वृक्षसंरक्षणाचा कायदा १९८४ सालीच झालेला असल्याने परवानगीसाठी अर्ज करणे भाग होते. तो अर्ज मी लिहिला. ‘सदर झाडे जीर्ण झाली असून इमारतीस धोकादायक आहेत’ हे वाक्य माझ्याच लेखणीतून उतरले. वस्तुतः देवालयाकडे कललेली झाडे तीन किंवा चार होती. बाकीची माट्टी, किंदळ आणि फणसाची झाडे भर आयुष्यात होती. परवानगी मिळाली, छप्पर झाले. नवी रोपे लावण्याची अट होती, तीही आपण वनमहोत्सवाच्या दिवशी थाटाने पुरी केली. पुढच्या एप्रिलपर्यंत त्यांतील एकही रोप जिवंत राहिले नव्हते, कारण पाणी कोणी घालायचे हे ठरावात लिहिलेले नव्हते.

छपराचे काम चालू असता रायीच्या कडेला राहणारे एक वृद्ध कुळ माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बाब, देवाक पाखें केलें आनी देवाची सावळी काडली.” मी हसून वेळ मारून नेली. आज ते गृहस्थ हयात नाहीत आणि मला हसू येत नाही. देवालयाच्या तळीला जी झर मिळते, ती माझ्या बालपणी मे अखेरपर्यंत मनगटाएवढी वाहत असे. हल्ली शिगमा सरतो न सरतो तोच तिची धार करंगळीएवढी होते. हा सर्व दोष त्या बावीस झाडांचाच, असे मी म्हणणार नाही. गावात कूपनलिका झाल्या, वरच्या बाजूचा डोंगर रस्त्यासाठी कापला गेला. परंतु जांभ्या दगडाच्या आपल्या भूमीत पावसाचे पाणी मुळांच्या आणि पाचोळ्याच्या आधाराने मुरते व सावकाश झऱ्यांतून बाहेर येते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. माथा उघडा पडला की तेच पाणी माती घेऊन ओहोळाने धावत सुटते. तेव्हा त्या दोषातील माझ्या सहीचा वाटा मी नाकारू शकत नाही.

मंडळी, या प्रसंगाचा मी अनेक वर्षे विचार केला आणि एका निष्कर्षाला आलो. कायदा होता, कचेरी होती, समिती होती. तरीही झाडे गेली. असे का झाले? जो माणूस रोज त्या रायीजवळून जात होता, तिच्या झरीचे पाणी पीत होता, त्याला आपण विचारले नाही. त्याचे नाव महाजनांच्या नोंदवहीत नव्हते, एवढेच त्याचे कारण. रक्षण करणारा एकीकडे आणि निर्णय घेणारा दुसरीकडे, अशी फारकत झाली की अरण्य अनाथ होते.

आपल्या पूर्वजांची व्यवस्था अशी नव्हती. गावकरी संस्था ही आपल्या भूमीतील प्राचीन संस्था. पोर्तुगीजांनी १५२६ सालच्या ‘फोराल’मध्ये तिचे रिवाज लिहून घेतले, ते ती आधीपासून नांदत होती म्हणूनच. खाजनाचे बांध, पाण्याची वाटणी, देवालयाचा खर्च, सारे एकत्र बसून ठरे. त्याच वृत्तीतून देवराई राखली गेली. सत्तरीतील केरी येथील आजोबाची राय किंवा नानोडा-बांबर येथील निरंकाराची राय आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. निरंकाराच्या रायीत रानजायफळाच्या जातीची दलदलीत वाढणारी दुर्मीळ झाडे आजही उभी आहेत. त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर डोकावतात. तिथे कोणत्याही सरकारने कुंपण घातले नव्हते. देवाचा धाक आणि गावाची नजर हेच कुंपण होते. हा धाक म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा नव्हे, हे डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून १९७०च्या दशकातच दाखवून दिले.

परंतु केवळ जुन्याचे गोडवे गाऊन भागणार नाही. धाक ओसरला आहे, जमिनीचे मोल वाढले आहे. तेव्हा श्रद्धेला आता कायद्याचा हात द्यावा लागेल, आणि समाधानाची गोष्ट अशी की कायदा आज गावाच्या बाजूने बराच पुढे आलेला आहे. १९९२च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील अशा एकोणतीस विषयांची यादी दिली, तीत सामाजिक वनीकरण आणि गौण वनोपज हे विषय आहेत. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावी आणि गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे लोकज्ञान यांची नोंदवही करावी, असे सांगितले. महत्त्वाचे स्थळ जैवविविधता वारसा म्हणून घोषित करण्याची तरतूदही त्यात आहे आणि ती स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करूनच अमलात आणायची आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने तर वननिवासी जमाती व पारंपरिक वननिवासी यांच्या ग्रामसभेला आपले सामूहिक वन राखण्याचा हक्क दिला, तसेच पाण्याचे स्रोत आणि वन्यजीव सांभाळण्याचे कर्तव्यही सोपवले.

हे कागदावरचे शब्द प्रत्यक्षात उतरू शकतात का? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड वस्तीच्या लहानशा गावाने याचे उत्तर दिले आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा महाराष्ट्रभर गाजली. तिथे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, आणि एकाचा विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. बांबूचा पैसा ग्रामसभेकडे येऊ लागला, म्हणून पुढच्या वर्षीचा बांबू राखणे हा गावाचाच स्वार्थ झाला. बंगालमधील आराबारी येथे १९७०च्या दशकाच्या प्रारंभी असाच अनुभव आला होता. उजाड सालवन राखण्याच्या बदल्यात ग्रामस्थांना उत्पन्नाचा वाटा मिळाला आणि ते वन पुन्हा वाढले. पुढे १९९० साली केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे परिपत्रक काढले, त्यामागे हे उदाहरण होते.

याच्या उलट घडले तर काय होते, तेही आपण आपल्या गोव्यातच पाहिले. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे मृत सापडले. गुरे मारली गेल्याच्या रागातून विषप्रयोग झाल्याचे तपासात पुढे आले. त्या कृत्याचे समर्थन कोणीही करणार नाही. परंतु ज्याची म्हैस गेली त्याला भरपाईचा मार्ग जवळचा आणि वेळेवरचा वाटला पाहिजे, हेही तितकेच खरे. अर्ज कसा फिरतो आणि कोणत्या टेबलावर झोपतो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे. पंचायतीने त्याच दिवशी पंचनाम्याला उभे राहावे आणि अर्जाचा पाठपुरावा करावा, हेसुद्धा अरण्यरक्षणच होय.

मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात साट्रेच्या परिसरात आणि इतरत्र वणवे पेटले. नौदलाची व हवाई दलाची हेलिकॉप्टरे आणावी लागली. त्यांची मदत मोलाची खरी. परंतु डोंगरउतारावर पाचोळ्यातून सरपटणारी आग विझवायला अखेर ओली फांदी हातात घेतलेला, वाटा-पायवाटा ठाऊक असलेला माणूसच लागतो. तो माणूस गावातला असतो. त्याला रान आपले वाटले तर तो धावतो; परके वाटले तर दारात उभा राहून धूर पाहतो.

आता आपल्या घरचा प्रश्न. येत्या सर्वसाधारण सभेपुढे रायीचा उत्तरेकडील भाग साफ करून जत्रेसाठी वाहनतळ करण्याची सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. दूरदूरच्या कुळाव्यांची अडचण मी जाणतो. परंतु वर्षातील चार दिवसांच्या सोयीसाठी तीन पिढ्यांत न उगवणारी वस्तू आपण देणार आहोत, याचा विचार व्हावा. आपली जत्रा मार्गशीर्षात असते. तोवर मळ्यातील सरद कापून झालेली असते. तेथील कुळांशी बोलून, त्यांना योग्य मोबदला देऊन, ते चार दिवस त्या शेतांत वाहने ठेवता येतील. दोन-तीन कुळांशी मी बोललो आहे. त्यांची ना नाही.

माझ्या विनंत्या चारच आहेत. पहिली, रायीतील प्रत्येक झाडाची मोजदाद करून ती पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत दाखल करावी, म्हणजे यापुढे ‘जीर्ण व धोकादायक’ लिहिताना चिटणिसाचा हात थरथरेल. दुसरी, रायीची एक राखण समिती असावी. तीत महाजनांबरोबर पंचायतीचा सभासद, वनरक्षक, कडेला राहणारी कुळे आणि झरीवरून पाणी भरणाऱ्या स्त्रिया असाव्यात, आणि त्यांच्या संमतीवाचून एकही झाड जाऊ नये. तिसरी, दर फेब्रुवारीत सर्वांनी मिळून रायीभोवती आगपट्टा साफ करावा. काजूच्या बागेतला पाचोळा जाळणाऱ्याने आधी समितीला कळवावे. चौथी, शिगम्यातील होळीसाठी जे झाड तोडले जाते, त्याच्या बदली त्याच वर्षी पाच देशी रोपे लावावीत आणि तीन उन्हाळे त्यांना पाणी घालणाऱ्याचे नाव ठरावातच लिहावे.

१९३३ सालच्या मझानियांच्या नियमावलीने देवाच्या मालमत्तेचा कारभार आपल्या स्वाधीन केला. कारभारी म्हणजे मालक नव्हे, हे मला चिटणीस असताना कळावयास हवे होते. ते कळायला झर आटावी लागली. सभेच्या दिवशी ठरावाची वही आपणांपुढे येईल. सही करण्यापूर्वी एकदा तळीपर्यंत चालत जाऊन पाण्याची धार पाहावी, एवढीच माझी हात जोडून प्रार्थना आहे.

श्रीदेव आपणां सर्वांना सुबुद्धी देवो.