दुखण्याची वाट पाहू नका



पेडणे-डिचोलीच्या आपल्या घरांत आजाराची एकच खूण मानली जाते: जे दुखते ते दुखणे. स्तनाच्या कर्करोगात हीच समजूत घात करते. त्याची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. त्यात संकोच मिसळला, की महिने निघून जातात आणि रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांत रोग अधिक लवकर सापडला. पन्नाशी गाठलेल्यांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तशी घट दिसली नाही. म्हणून तरुण भगिनींनी तर स्वतःतील बदलाकडे अधिकच लक्ष द्यावे.

२०२१ मध्येच ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ या मोहिमेने स्तनांची तपासणी गोव्याच्या आरोग्य केंद्रांत आणली.

नवी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, यांपैकी काहीही दिसताच आरोग्य केंद्र गाठावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. परंतु तो निर्णय सुईने घेतलेल्या नमुन्याने व्हावा, आपल्या सोसण्याने नव्हे. आणि बंधूंनो, घरातील स्त्रीला हे निःसंकोच सांगता यावे, एवढा मोकळेपणा घरात ठेवणे हे आपले कर्तव्य आहे, असे मी मानतो.