बढतीची फाईल, तीन महिने आधी

जालना जिल्ह्यातलं, परतूर तालुक्यातलं आष्टी. इथून विद्यापीठ गाठायचं तर थेट छत्रपती संभाजीनगर. बढतीच्या फाईलमधला एक कागद राहिला, की प्राध्यापकाचा अख्खा दिवस प्रवासात जातो.

म्हणून तारखा पाठ हव्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर जायला पीएच.डी. असल्यास ४, एम.फिल. असल्यास ५, एरवी ६ वर्षांची सेवा लागते. अर्जाची तयारी पात्रतेच्या तारखेआधी तीन महिने सुरू करावी. २१ दिवसांच्या उद्बोधन वर्गाचं प्रमाणपत्रही फाईलमध्ये लागतं.

निवृत्त शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी मात्र नोव्हेंबर मोलाचा. हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा. राहिला, तर निवृत्तिवेतन थांबू शकतं.