फी माफ झाली, मुक्कामाचे काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकीकत महाराष्ट्रातील प्रत्येक शैक्षणिक व्यासपीठावरून सांगितली जाते. ती ऐकताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात. परंतु ते मंगळसूत्र कशासाठी मोडले गेले, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कोणाची फी भरण्यासाठी ते मोडले नव्हते. बोर्डिंगातल्या पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून मोडले होते.

हा भेद क्षुल्लक नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत राखीव जागांचा जाहीरनामा काढला, पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहिले होते आणि पुढे एकामागून एक अनेक जातिधर्मांची वसतिगृहे निघाली. साताऱ्यात कर्मवीरांनी १९२४ साली बोर्डिंग काढले. खेड्यातल्या पोराला विद्येपासून दूर ठेवते ते शाळेच्या फीपेक्षा शहरातल्या मुक्कामाचे ओझे, हे या मंडळींनी नेमके ओळखले होते.

आता आजची स्थिती पाहावी. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी व परीक्षा फी राज्य शासनाने पूर्ण माफ केली. निर्णय स्वागतार्ह आहे. विरोधकाने केलेले चांगले कामही चांगलेच म्हणावे. परंतु जत किंवा आटपाडी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी पुण्यात प्रवेश घेते तेव्हा तिचा बाप हिशेब कसा करतो? फीच्या रकान्यात शून्य. खालच्या रकान्यात खोलीचे भाडे, त्यापूर्वी अनामत रक्कम, खाणावळ, पुस्तके, संगणक, सणावाराचे येणे-जाणे. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा मोफत पास असतो. खर्च खरा वाढतो तो बारावीनंतर. शासनाच्या स्वाधार, स्वयंम्, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत, नाही असे नाही. पण भत्ता अनेकदा वर्ष सरता सरता खात्यावर जमा होतो आणि खाणावळवाला महिन्याच्या महिन्याला हात पुढे करतो. या मधल्या काळात सावकार असतो, नाहीतर मुलगी घरी परतते.

शिवाय एक खर्च कोणत्याच पावतीवर नसतो. अर्थशास्त्रात त्यास वैकल्पिक खर्च म्हणतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कुटुंबातला अठरा वर्षांचा मुलगा महाविद्यालयात जातो, म्हणजे फडावरचे दोन हात कमी होतात. त्याची बुडालेली मजुरी हीच त्या घराची सर्वांत मोठी फी होय, आणि ती माफ करणारा शासननिर्णय अद्याप निघालेला नाही.

फीमाफीची दुसरी बाजूही तपासली पाहिजे. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. देणग्यांचा बाजार इतका वाढला की १९८७ मध्ये कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. आज खाजगी संस्थेला मंजूर झालेली फी विद्यार्थ्याच्या वतीने शासन भरते. विद्यार्थ्याला सवलत मिळते हे खरे. पण सार्वजनिक पैसा संस्थाचालकाच्या तिजोरीत जातो आणि अनुदानित महाविद्यालयांत मात्र प्राध्यापकांची पदे रिक्त राहून तासिका तत्त्वावर शिकवणे चालते. तेवढ्याच पैशात किती सरकारी वसतिगृहे उभी राहतील, हा हिशेब विधानसभेत कोणी मागितला पाहिजे.

आपल्या गोटातही एका प्रश्नावर मतभेद आहेत. सरकारी महाविद्यालयातली फी सर्वांनाच कमी असावी, की श्रीमंतांकडून पुरेपूर घेऊन गरिबांना सूट द्यावी? रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे शिक्षण चालते, अशी तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे केली होती. तिचा आधार घेऊन दुसऱ्या पक्षाचे लोक बोलतात. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण सूट म्हटली की दाखले आले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, नॉन-क्रीमीलेअर; आणि तलाठ्यापासून तहसीलपर्यंतच्या खेपांत ज्याची मजुरी बुडते तो गरीबच असतो. श्रीमंताकडून वसूल करावयाचे तर ते आयकराने करावे. महाविद्यालयाच्या खिडकीवर नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याची शिफारस केली, २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. चौपन्न वर्षांनी तोच आकडा लिहावा लागला, यावर वेगळे भाष्य नको.

कमावते हात न सोडता शिकता येईल अशी सोय करणेही अशक्य नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते सकाळचे. नोकरी करणाऱ्यांना वर्ग आटोपून कामावर जाता यावे म्हणून. कर्मवीरांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ राबवली. आज अनेक ठिकाणी ती योजना नावापुरती उरली आहे. थोड्या मुलांना थोडे तास काम, तेही तुटपुंज्या मानधनावर. तिला किमान वेतनाची जोड द्यावी आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एका अनुदानित महाविद्यालयाचे पूर्ण पदवी वर्ग सकाळी किंवा रात्री भरवावेत. प्रवेशाचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो. त्याआधी प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील सरकारी वसतिगृहांत जागा किती, अर्ज किती आणि मागील वर्षीचा भत्ता कोणत्या महिन्यात मिळाला, एवढी तीन उत्तरे समाजकल्याण कार्यालयातून लेखी मिळवावीत.