ढोलकी आणि स्टेथोस्कोप



मराठवाड्यातील एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही शिकलो, तो नामांतर लढ्याचा अखेरचा काळ होता. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला. विद्यापीठाचा नामविस्तार होण्यास मात्र १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. वसतिगृहात नावाआधी आडनाव विचारले जाई आणि मेसमध्ये शेजारी कोण बसणार, हे त्यावरून ठरे. म्हणून आम्ही दहा-बारा जण रात्री एका खोलीत जमू लागलो. कुणाच्या घरी आंबेडकरी जलशाची परंपरा होती, कुणाच्या वस्तीत वामनदादा कर्डकांची गाणी गायली जात. एक ढोलकी, एक जुनी पेटी आणि टाळ, एवढीच आमची सामग्री.

या खोलीचे मोल आम्हांस वॉर्डात उमगले. छातीवर ठोकून आवाज पारखण्याची पद्धत १७६१ साली ऑएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने जगापुढे मांडली. तो संगीताचा जाणकार होता. १८१६ साली स्टेथोस्कोप घडविणारा लेनेक बासरी वाजवीत असे. निरोगी फुफ्फुसावर नाद घुमतो, पाणी साचले तेथे तो बद्द होतो. ढोलकीवर हात बसलेल्या आमच्या मित्राला हा फरक पहिल्याच दिवशी कळला. पुढे तोच सर्वांना शिकवू लागला. आडनाव विचारणारेही त्याच्याकडे आले आणि त्यांतील काही जण रात्री गाण्यालाही बसले.

चामड्याच्या साध्या पडद्यातून सुरेल नाद निघत नाही. मध्यभागी शाईचा थर दिला की त्यातील उपस्वर एकमेकांशी जुळतात, हे तबला-मृदंगाविषयी सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. चामडे कमावणाऱ्या ज्या हातांना समाजाने अस्पृश्य मानले, त्यांच्या श्रमावाचून हा नाद उमटलाच नसता. हे वाचले तेव्हा ढोलकी बाळगण्याचा आमचा संकोच गळून पडला.

आज परदेशी आपली मुले विज्ञानात पुढे आहेत. भीमगीते मात्र ती ध्वनिमुद्रितच ऐकतात. आमची विनंती एवढीच, की पुढील जयंतीस ढोलकी त्यांच्याच हाती द्यावी, शाईचे शास्त्र त्यांनीच समजावून सांगावे आणि शेजारच्या मुलांनाही त्या वर्तुळात बसवावे. एकत्र ऐकण्याची सवय लागली की माणसे जवळ येतात, हा आमचा अनुभव आहे.

जयभीम!