केळ्यात बी का नसते?

पेशीविभाजनाचे दोन प्रकार आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असतात. सूत्री विभाजनात एका पेशीच्या दोन होतात आणि गुणसूत्रांची संख्या तीच राहते. अर्धगुणसूत्री विभाजनात चार होतात आणि संख्या निम्मी होते. परीक्षेत एवढ्यावर गुण मिळतात. पण हे झाले हिशेबाचे उत्तर. त्याची रीत त्यात येत नाही. माझे म्हणणे असे की, या दोन विभाजनांतला मूळ फरक संख्येचा नसून जोडीचा आहे. त्याचा साक्षीदार बाजारात डझनावर मिळतो, तो म्हणजे केळे.

आधी जोडी म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे 23 जोड्या असतात. जोडीतले एक आईकडून आलेले, दुसरे वडिलांकडून. कोणत्याही विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते आणि मूळ व नक्कल चिकटून राहतात. इथपर्यंत रस्ता एकच. सूत्री विभाजनात पुढे प्रत्येक गुणसूत्र पेशीच्या मध्यावर एकेकटे उभे राहते. जोडीदाराशी त्याला काही देणेघेणे नसते. तुर्कतंतू चिकटलेल्या दोघांना विरुद्ध टोकांना ओढतात आणि दोन्ही जन्यपेशींना पूर्ण संच मिळतो. जखम भरते ती अशी. अर्धगुणसूत्री विभाजनात मात्र आईकडचे गुणसूत्र वडिलांकडच्या जोडीदाराला गाठते, त्याला लांबीभर बिलगते, आणि दोघांत तुकड्यांची अदलाबदल होते. पहिल्या फेरीत जोडीदार वेगळे होतात. दुसऱ्या फेरीआधी नवी नक्कल होत नाही; तिच्यात चिकटलेले दोन धागे सुटे होतात. कोणत्या जोडीतले कोण कुठे जाणार, हे प्रत्येक जोडीचे स्वतंत्रपणे ठरते. त्यामुळे 23 जोड्यांच्या 83,88,608 तऱ्हेच्या वाटण्या होऊ शकतात, आणि यात अदलाबदल धरलेलीच नाही.

आता केळ्याकडे वळू. आपल्या केळीचे पूर्वज असलेल्या रानजातींत 22 गुणसूत्रे, म्हणजे 11 जोड्या असतात, आणि फळात टणक काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात. जळगावच्या बागांतल्या ग्रँड नैन जातीत 11 गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे 33 गुणसूत्रे आहेत. हे झाड वाढवायला असंख्य सूत्री विभाजने व्हावी लागतात. पाने येतात, घड लागतो, बुंध्याशी मुनवे फुटतात. कुठेच काही अडत नाही, कारण तिथे प्रत्येक गुणसूत्र आपापले उभे असते. पण त्याच झाडात बीजपेशी घडवणाऱ्या अर्धगुणसूत्री विभाजनाची वेळ आली की गोंधळ उडतो. तिघांची जोडी लागत नाही. तिसरा कुणीकडेही जातो, वाटणी विषम होते आणि बहुतेक बीजपेशी निकामी ठरतात. झाड तेच, गुणसूत्रे तीच. एक विभाजन सुरळीत चालते आणि दुसरे कोलमडते. दोहोंचे काम मुळात एकच असते, तर असे झाले नसते.

यावर कुणी म्हणेल की, केळे परागीभवनाशिवायच भरते, मग बी येणार कुठून? शंका रास्त आहे, पण बिनबियांच्या कलिंगडाला ती लागू पडत नाही. जपानमध्ये हितोशी किहारा यांनी मुद्दाम तीन संचांचे कलिंगड घडवले. त्याचे फळ धरण्यासाठी शेजारच्या साध्या कलिंगडाचे पराग लागतातच. पराग मिळूनही त्यात पक्की बी धरत नाही. दुसरा आक्षेप असा की, दोष जादा संचांचा असेल, जोडीचा नव्हे. पण आपल्या पोळीच्या गव्हात सहा संच, 42 गुणसूत्रे असतात, आणि तरी ओंबी दाण्यांनी भरते, कारण तिथे 21 जोड्या व्यवस्थित लागतात. उरला प्रश्न निमेपणाचा. संख्या निम्मी झाली नाही, तर पुढच्या पिढीत 46 ची 92 होतील, हे खरेच. पण अचूक निम्मी वाटणी करायला आधी कोण कोणाचा जोडीदार हे ठरावे लागते. अदलाबदलीची गाठच जोडीला वाटणीपर्यंत एकत्र धरते. ती नीट पडली नाही, तर दोघे एकाच बाजूला जाण्याचा धोका वाढतो. एकविसावे गुणसूत्र असे जादा आले, की बाळाला डाऊन सिंड्रोम होतो.

बी नसल्याने खाणाऱ्याची सोय होते, पण बागेतले झाडन् झाड एकाच झाडाची नक्कल राहते. म्हणून एका झाडाला बाधणारा रोग सगळ्यांनाच बाधतो. जगभर विकली जाणारी केळ्याची ग्रो मिशेल जात विसाव्या शतकाच्या मध्याला पनामा रोगाने व्यापारातून उठली. तिची जागा कॅव्हेंडिश गटाने घेतली, आणि ग्रँड नैन त्याच गटातली आहे. सूत्री विभाजनातही चुकून बदल घडतात, पण दोन झाडांचे गुण त्यातून एकत्र येत नाहीत; त्यासाठी दोन झाडांच्या बीजपेशी एकत्र याव्या लागतात. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 1981 मध्ये रत्ना आंबा दिला, त्यात हापूससारखा साका, म्हणजे गर आतून खराब होण्याचा दोष, होत नाही. आंब्याची जोडी लागते, म्हणून हे जमले. केळे सोलून मधोमध चिरले, तर बारीक काळे ठिपके दिसतात. जोडी न लागल्यामुळे राहून गेलेल्या बिया त्या ह्याच.